पॉइंट चारचं रीडिंग

काटेकाकांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते फक्त त्यांच्या लायसन्सवर उरलं होतं. शहरातल्या झाडून सगळ्या वीज तपासणाऱ्यांनी आकडे दाखवणारी नवी यंत्रं घेतली, तरी यांनी आपलं काट्याचं जुनं मीटर सोडलं नाही, म्हणून ते नाव चिकटलं. चामड्याच्या पेटीतलं ते धूड खांद्याला अडकवून ते एखाद्या इमारतीच्या दारात उभे राहिले की वॉचमन आत ओरडायचा, "काटा आला रे!" आणि बायका भराभर इस्त्र्या बंद करायच्या. न जाणो, उगाच काहीतरी चूक निघायची.

माणूस सरळ. जरा जास्तच सरळ. कुणाच्या घरी फ्रिज उघडायचा असो की मशीन सरकवायचं असो, आधी हाताची मागची बाजू पत्र्याला टेकवायची, मगच पुढचं. तळवा लावला आणि पत्र्यात करंट असला तर मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. मागची बाजू लावली तर हात झटक्यानं मागे येतो. ही सवय त्यांच्या इतकी हाडीमाशी भिनली होती, की लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा ताप आला तेव्हा तिच्या कपाळालाही त्यांनी हात मागच्या बाजूनं टेकवला आणि झटक्यात मागे घेतला. "मी काय मोटार आहे?" ती तापातही म्हणाली होती.

तर यांचं काम काय, हे सांगायला हवं, कारण निम्म्या नातेवाइकांना ते कधीच कळलं नाही. एका घरात नळ पूर्ण सोडला की शेजारच्या नळाची धार बारीक होते की नाही? विजेचंही तसंच. घरात एसी वीज येते ती कुठून तरी लांबून, तारांतून, सांध्यांतून वाट काढत येते, आणि त्या सगळ्या वाटेचा तिला अडथळा असतो. त्याला या लोकांच्या भाषेत इंपिडन्स म्हणतात. मीटर सॉकेटला लावायचं, बटण दाबायचं. मीटर क्षणभर दांडगा करंट ओढतं, तेवढ्या वेळात विजेचा दाब किती पडला ते बघतं आणि वाटेत अडथळा किती ते काट्यानं दाखवतं. अडथळा जितका कमी तितकं चांगलं.

यात सगळ्यात महत्त्वाची वाट अर्थिंगची. मशीनच्या आत एखादी तार सुटून पत्र्याला लागली, तर ती वीज हिरव्या तारेतून, म्हणजे अर्थिंगमधून, धो धो परत गेली पाहिजे. अशी गेली की फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. वाटेतच अडथळा असला तर फ्यूज ढिम्म राहतो, पत्रा जिवंत राहतो आणि हात लावणाऱ्याची वाट बघतो. काटेकाकांनी तीस वर्षं ही वाट मोजली. चांगली निघाली की कार्डावर आकडा लिहायचा, सही ठोकायची, कार्ड मुख्य बोर्डाच्या दाराला आतून चिकटवायचं.

त्यांचा साडू प्लंबर होता. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. एकाच्या वाट्याला वीज, दुसऱ्याच्या वाट्याला पाणी, आणि बऱ्याचदा दोघं एकाच इमारतीत कामाला. रविवारी पत्ते कुटायला बसले की एकमेकांची सालटी काढायचे.

"तुझं बरं आहे काट्या," साडू म्हणायचा. "दिसत नाही, गळत नाही, वास येत नाही. बिघडलं तरी लोक काका-काका करून बोलावतात. माझं जरा गळलं की वरच्या मजल्याच्या वेगळ्या शिव्या, खालच्या मजल्याच्या वेगळ्या."

"तुझं चुकलं तर लोकांची चादर भिजते," काटेकाका पान टाकत म्हणायचे. "माझं चुकलं तर चादर अंगावरून तोंडावर ओढतात. टाक पान."

"अरे, सणासुदीला तरी शुभ बोलत जा मेल्या!"

"आज कुठला सण आहे?"

"मी जिंकतोय, तोच सण."

पोस्टामागच्या गल्लीतली ती पिवळी इमारत. तीन मजले, सहा बिऱ्हाडं, तळघरात मुख्य बोर्ड. काटेकाका तिथं पहिल्यांदा गेले त्याला नऊ वर्षं झाली. बोर्डातून अर्थिंगची हिरवी तार दोन वाटांनी जात होती. एक तार जमिनीखालून थेट वीज कंपनीच्या अर्थिंगला. दुसरी, पितळी पट्टी आवळून, रस्त्यावरून आत येणाऱ्या पाण्याच्या लोखंडी पाइपाला. मोजायचा नियम असा, की आधी पाइपावरची पट्टी सोडवायची आणि जमिनीखालची तार एकटी मोजायची. नाहीतर वीज कुठल्या वाटेनं परत गेली हे देवालाही कळणार नाही. पट्टीला एक स्क्रू होता. तो गंजलेला होता, पण त्यावर दोन थेंब तेल टाकून थोडं थांबलं की झालं असतं.

काटेकाकांनी वरच्या मजल्यावर बटण दाबलं. काटा सरसर गेला आणि पॉइंट चारवर, अर्ध्या ओमच्याही आत, उभा राहिला. एवढ्या म्हाताऱ्या इमारतीत पॉइंट चार! नव्या इमारतींनी लाजावं असा आकडा. वाईट आकडा आला असता तर त्यांनी चार वेळा मोजलं असतं, बोर्ड खोलला असता, तळघरात बसकण मारली असती. वाईट आकड्याच्या मागे ते हात धुऊन लागायचे. चांगल्या आकड्याच्या मागे कोण लागतं? त्या दिवशी घाई नव्हती, भूक लागली नव्हती, कुणी खोळंबलं नव्हतं. आकडा चांगला होता, एवढंच. स्क्रूला हात न लावता त्यांनी कार्ड लिहिलं. पाच वर्षांनी पुन्हा मोजलं, पुन्हा पॉइंट चार. जुन्या आकड्याशी नवा जुळला, म्हणून समाधान दुप्पट.

मग एके दिवशी दुपारी साडूचा फोन आला. काटेकाका एका शाळेत शिडीवर चढलेले.

"काट्या, तुझ्या त्या पिवळ्या इमारतीत आहे. पाइप पार सडलाय, नळाला चहासारखं पाणी येतंय लोकांच्या. रस्त्यापासून वरपर्यंत सगळा काढून प्लास्टिकचा टाकतोय. पण तळघरात पाइपाला तुझी हिरवी तार बांधलीय. हिचं काय करू?"

"प्लास्टिकला बांधून काय उपयोग? सोडव आणि बाजूला गुंडाळून ठेव."

"बघ हं. मागाहून म्हणशील, माझ्या तारेला हात का लावला."

"अरे, जमिनीतून वेगळी तार आहे तिथं. पॉइंट चार आहे, मी स्वतः मोजलंय. दोनदा!"

"एकदा येऊन नजर टाकून जा ना. चहा पाजतो."

"तुझा चहा आणि त्यांच्या नळाचं पाणी, फरक काय? बघतो पुढच्या आठवड्यात."

पुढचा आठवडा आला, गेला. त्याच्या पुढचाही गेला.

दुसऱ्या मजल्यावर एक बाई शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. सगळे तिला टेलरबाई म्हणायचे. नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर. नवा पाइप पडून चार महिने झाले असतील, एका सकाळी ती कपडे धुवायला न्हाणीत गेली. धुण्याच्या मशीनच्या पोटात मोटारीची तार घासून घासून उघडी पडली होती आणि पत्र्याला लागली होती. फरशी ओली, पाय अनवाणी. फ्यूज उडालाच नाही. ड्रायव्हर दुपारी जेवायला आला तेव्हा ती मशीनला टेकून बसल्यासारखी होती. त्याला वाटलं, चक्कर आली. त्यानं खांद्याला धरलं आणि तोच भिंतीवर फेकला गेला, तेव्हा कळलं.

वीज खात्याचा निरीक्षक आला. तळघरात बोर्डाशेजारी नीट गुंडाळून खिळ्याला टांगलेली हिरवी तार त्याला पाच मिनिटांत सापडली. इमारतीचं कार्ड काटेकाकांच्या सहीचं, म्हणून त्यांनाही बोलावलं होतं. जिन्यात माणसांची ही गर्दी. साडूला मध्ये उभा केलेला.

"ही पट्टी कुणी सोडवली?" निरीक्षकानं विचारलं.

"मी," साडू म्हणाला.

"अर्थिंगची आहे, माहीत नव्हतं? कुणाला विचारलंत?"

साडूनं मान वर केली. काटेकाकांकडे बघितलं. बघितलं म्हणजे काय, डोळे तिकडून गेले एवढंच. मग तो जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला, "नाही. कुणाला नाही."

तेवढ्यात ड्रायव्हर वरून धावत आला आणि त्यानं साडूची कॉलर धरली. चौघांनी मिळून त्याला आवरलं. साडूनं हात वर केला नाही, सुटायची धडपडही केली नाही. नुसता हलत राहिला, वाळत घातलेल्या शर्टासारखा.

काटेकाका तीन पायऱ्या वर उभे होते. तोंड उघडायला एवढी जागा पुरली असती. पण त्यांच्या डोक्यात गणित चालू होतं: पट्टी सोडवल्यानं काही बिघडत नाही, जमिनीखालची तार आहेच, पॉइंट चार आहे, मग दोष दुसरीकडे असणार. आधी मोजू, मग बोलू. आणि मोजता तर येणार नव्हतं, कारण निरीक्षकानं बोर्डाला सील ठोकलं होतं. हे सील त्यांना तेव्हा, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं.

सात आठवडे सील राहिलं. या सात आठवड्यांत साडूची कामं एकेक करून गेली. अर्धवट टाकलेली न्हाणी दुसऱ्या प्लंबरनं पुरी केली. भाजीवालीनं त्याच्या बायकोला ऐकू जाईल असं कुणाला तरी सांगितलं, हाच तो. ती बहिणीकडे येऊन रडली.

"जेवत नाहीत गं. पान पुढं ठेवलं तर हात धुऊन उठतात. घरातला नळ आठ दिवस टपकतोय, तो बघत नाहीत. विचारलं तर म्हणतात, मी हात लावला की माणूस मरतं."

ती गेल्यावर बायको काटेकाकांपुढं उभी राहिली. "तुम्ही विजेतले. त्यांच्या हातून झालं का खरंच?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"तुमचं सगळंच मोजून," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली. फोनचं तिला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलंही नाही. रविवारी पत्ते खेळायला ते गेले नाहीत. साडूला आत्ता नको वाटेल, असं स्वतःला समजावलं.

शेवटी निरीक्षकानं कळवलं, की कारण स्पष्ट आहे, प्लंबरनं अर्थिंग तोडली. शुक्रवारी कागद वर जातील. इमारतीत माणसं किती दिवस अंधारात बसणार? नवी अर्थिंग घालून घ्या, काटेकाकांनी मोजून कार्ड द्यावं, वीज चालू.

बुधवारी सकाळी सील निघालं. मोजण्यापुरती वीज सोडून निरीक्षकाचा माणूस बाहेर बिडी ओढायला गेला. नवी तार अजून जोडायची होती. काटेकाका तळघरात एकटेच. त्यांनी मीटर लावलं, बटण दाबलं. काटा पार टोकाला जाऊन आदळला आणि तिथंच चिकटला. म्हणजे वाटच नाही. त्यांनी मीटर हलवलं, पुन्हा दाबलं. तेच. मग वीज बंद केली, बोर्ड खोलला, आणि जमिनीखाली जाणारी हिरवी तार दोन बोटांनी धरून हळूच ओढली.

ती वीतभर वर आली. काही न अडकता, चिखलातनं गांडूळ यावं तशी.

टोक काळं पडलं होतं. त्यावर हिरवट गंजाचा जाड थर. असा थर चार महिन्यांत चढत नाही, चार वर्षांतही नाही. ही तार ते इथं पहिल्यांदा आले त्याच्याही आधी तुटलेली होती. मग पॉइंट चार कुणाचा? पाइपाचा. नऊ वर्षं वीज लोखंडी पाइपातून परत जात होती, रस्त्याखालून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नळांतून. ते मोजत होते पाइप आणि सही करत होते तारेवर. या इमारतीची सगळी अर्थिंग म्हणजे तो सडका पाइप होता, आणि तो काढायला साडूनं विचारलं तेव्हा त्यांनीच 'सोडव' म्हटलं होतं.

ते पालथ्या बादलीवर बसले. नवी तार जोडायला एक तास लागला असता. तुटलेलं टोक मातीत पुन्हा दाबायला एक मिनिटही नाही. नवं कार्ड, नवा आकडा, आणि शुक्रवारी कागद वर. जगात कुणालाही कळलं नसतं. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो काही क्षणभर येऊन गेला असं नाही. चांगला ठाण मांडून बसला. बाहेरची बिडी संपून दुसरी पेटली, तरी बसला होता.

मग ते उठले आणि तुटकं टोक तसंच उघडं ठेवून जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेले.

ड्रायव्हर घरी होता. शिवणयंत्रावर एक गणवेशाची बाही सुईखाली तशीच अडकलेली. त्यानं बसा म्हटलं नाही, काटेकाका बसलेही नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. तार, पाइप, स्क्रू, फोन.

"तो स्क्रू काढायला किती वेळ लागतो?" ड्रायव्हरनं विचारलं.

"दहा मिनिटं."

"दहा."

"तेल घालून."

ड्रायव्हरनं मान डोलावली. बसच्या वेळेचा हिशेब ऐकावा तसा. मग म्हणाला, "मी त्या प्लंबरची कॉलर धरली होती."

"हो."

"तुम्ही होता तिथं. पायऱ्यांवर."

"होतो."

तो पुढं आला. काटेकाकांना वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यानं दार उघडलं आणि म्हणाला, "जा आता. माझी गाडीची वेळ होईल."

निरीक्षकाच्या टेबलावर त्यांनी तारेचं कापून आणलेलं तुटकं टोक ठेवलं. निरीक्षक तारेकडे बघेना, यांच्याकडे बघत राहिला. "काका, फाइल बंद होत आलीय. तुमचं वय काय, लायसन्स किती वर्षांचं? साडू आहे म्हणून अंगावर घेताय का?"

"साडूचा काय संबंध? आकडा खोटा होता."

"आकडा खरा होता हो. तार खोटी होती."

"सही माझी होती," काटेकाका म्हणाले. "लिहून घ्या. फोनवर मीच काढ म्हणालो, तेही लिहा."

निरीक्षकानं लिहिलं. लायसन्स त्याच दिवशी टेबलावर राहिलं. ते परत मिळायचं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

साडूच्या घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. साडू पुढच्या खोलीत खाटेवर बसला होता. दाढी वाढलेली, बनियन खांद्यावरून घसरलेलं. हत्यारांची पिशवी कोपऱ्यात, तिच्यावर वर्तमानपत्रांचा ढीग. काटेकाका समोर खुर्चीवर बसले.

"खालची तार तुटलेली होती," ते म्हणाले. "आधीपासूनच. मी मोजलं ते पाइपाचं. निरीक्षकाला लिहून दिलंय. ड्रायव्हरला पण सांगितलं. तुझ्या हातून काही झालं नाही."

साडू ऐकत होता. आत मेहुणीचा भांड्यांचा आवाज थांबला.

"आणि फोनचं?" साडूनं विचारलं.

"तेही सांगितलं. मीच सोडव म्हणालो, असं."

"म्हणजे आठवतोय तुला."

"आठवतोय म्हणजे? विसरेन कसा? पण तू का बोलला नाहीस तिथं? कुणाला विचारलं म्हणून त्यानं सरळ विचारलं होतं."

"तू उभा होतास ना," साडू म्हणाला. "तीन पायऱ्या वर. मी म्हटलं, आपण कशाला नाव घ्यायचं, हा बोलेलच. नाही बोललास. म्हटलं, गर्दीत नसेल सुचलं, घरी येईल. रविवारी पत्ते काढून ठेवले होते मी. बाई माझ्या हातून गेली हे मी धरून चाललो होतो, काट्या. त्याचं काही नाही, ते मी भोगत होतो. पण रोज संध्याकाळी दाराकडे बघायचो, आज येतो का हा. सात आठवडे."

"मोजल्याशिवाय मी काय बोलणार होतो? बोर्डाला सील होतं. कारण कळल्याशिवाय..."

"फोन आठवायला मीटर लागतं होय रे?"

साडूनं बनियन नीट केलं, खाटेखालून पायानंच चपला पुढं ओढल्या.

"तुझी मेहुणी चहा ठेवतेय. घेऊन जा," तो म्हणाला आणि बाहेर पडला. दार त्यानं आपटलं नाही. ओढून घेतलं.

मेहुणीनं चहा आणला. काटेकाकांनी तो घोट घोट करून संपवला, मग रिकामा कप हातात धरून बसले. बाहेर कुणाच्याही चपलांचा आवाज झाला की दाराकडे बघायचे. खोलीत अंधारून आलं, मेहुणीनं दिवा लावला, मग त्यांच्या हातातला कप हळूच काढून घेतला.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही गेल्याशिवाय ते यायचे नाहीत."

काटेकाका उठले.